लेझीम खेळून मुलींचं गर्भाशय सरकत नाही

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी सातवीत आहे, शाळेच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत असते. “ताई, सासूबाई म्हणतायत तिचं नाव काढून घ्या. त्यांच्या ग्रुपवर काहीतरी आलंय.” मी तो मेसेज मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज माझ्या दोन विद्यार्थिनींच्या आयांनीही पाठवला. त्यातली एक मुलगी त्या दिवसापासून सरावाला आलेली नाही. १८ वर्षं मी मुलींना लेझीम शिकवतेय. आता गप्प बसवत नाही.

मेसेज असा आहे: लेझीम हा अस्सल संस्कृत शब्द. लेझीम ही मावळ्यांची युद्धविद्या, म्हणून ती पुरुषांचीच. बैठका आणि उड्यांनी वयात येणाऱ्या मुलींचं गर्भाशय सरकतं, पुढे मूल राहत नाही. पाळीत तर लेझमीला हातही लावू नये. आणि शाळेत शिट्टीवर शिकवतात ती लेझीमच नव्हे, खरी लेझीम रक्तात असावी लागते.

आधी गर्भाशयाचं बोलू, कारण मुली घरी बसल्या त्या याच वाक्यामुळे. गर्भाशय ओटीपोटात सुटं ठेवलेलं नसतं. कमरेच्या हाडांच्या कड्यात, मूत्राशय आणि गुदाशयाच्या मध्ये, अस्थिबंधांनी आणि तळाच्या स्नायूंनी ते धरलेलं असतं. तेरा वर्षांच्या निरोगी मुलीने चार ठोक्यांवर बैठक मारली म्हणून ते जागा सोडत नाही आणि त्याने वंध्यत्वही येत नाही.

सासूबाईंची भीती मात्र कुठून येते ते मला कळतं. ‘अंग बाहेर येणं’, म्हणजे गर्भाशय खाली उतरणं, हा आजार खरा आहे. त्यांच्या पिढीने तो घरात, शेजारी पाहिलेला आहे. पण तो कुणाला झाला? पाठोपाठ बाळंतपणं झालेल्या, ओली बाळंतीण असतानाच डोक्यावर हंडे आणि भारे घेतलेल्या, वर्षानुवर्षं खोकला अंगावर काढलेल्या बायकांना. उतारवयात तो वाढतो. पाठोपाठची बाळंतपणं आणि न मिळालेली विश्रांती, ही त्याची मोठी कारणं आहेत. त्याचा दोष सातवीतल्या मुलीच्या लेझमीवर टाकता येत नाही.

आणि आपल्याच घरातलं आठवा. श्रावणात मंगळागौर जागवतात तेव्हा रात्रभर कोण खेळतं? नवी नवरी. जिला लवकर मूल व्हावं म्हणून सगळं घर डोळे लावून बसलेलं असतं, तीच उकिडवं बसून, उड्या मारत बसफुगडी घालते. कोंबडा, पिंगा, दंडफुगडी, सगळं खेळते. तिच्या सासूनेच तिला ओढून रिंगणात घेतलेलं असतं. पिढ्यान् पिढ्या हे चाललंय आणि त्याने कुणाची कूस बंद पडली असं कुठल्याही आजीने आजवर सांगितलेलं नाही. लेझमीतली बैठक बसफुगडीपेक्षा कितीतरी सोपी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस जोरकस, स्नायू व हाडं बळकट करणारा व्यायाम करावा, असं त्यात म्हटलंय. मुलींसाठी वेगळा आकडा नाही, पाळीच्या दिवसांची सूट किंवा बंदी नाही. उड्यांनी हाडांवर जो भार येतो त्याने ती घट्ट होतात, आणि हाडं भरण्याचं वय हेच असतं. नेमकं तेव्हाच आपण मुलीला बसवून ठेवायचं? पाळीत दुखत असेल तर तिने बसावं, कुणी जबरदस्ती करू नये. दुखत नसेल तर खेळावं. ठरवणारी ती.

सरावात मुलींना चक्कर येते हेही मी पाहिलंय. पण त्याचं कारण मला बहुतेक वेळा डब्यात सापडलंय: सकाळी नुसता चहा पिऊन आलेली मुलगी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. चक्कर आली तर आधी रक्त तपासून घ्या. त्याबद्दल कुणी मेसेज फिरवत नाही, याचा मला संताप येतो.

बाकीचं थोडक्यात. ‘लेझीम’ हा शब्द फारसी आहे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तो नोंदलेला आहे: दोरीऐवजी साखळी लावलेलं, व्यायामाचं धनुष्य. तालमीत ते ओढून दंड कमावत, आणि तिथे पुरुषच असत, एवढं मेसेजमधलं खरं. पण तालमीत कुस्तीही पुरुषच खेळत; आज सांगली-कोल्हापूरच्या मुली मातीत उतरतात. सांगलीत २६ जानेवारी २०१४ला ७ हजारांहून अधिक जणांनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला, तो शाळाशाळांतल्या मुलामुलींच्या जोरावर.

‘रक्तात असावी लागते’ हे मला सर्वांत जास्त लागलं. पहिल्या दिवशी मी मुलींच्या हातात लेझीम देतच नाही. नुसते पाय, नुसती टाळी. मग मनगट. साखळी बोटाला चिमटा घेते, दोन दिवस रडारड होते, चौथ्या दिवशी चार ठोके एका आवाजात पडतात. कुणाच्याही मुलीला हे येतं. शिट्टीबद्दल मात्र मेसेजचं म्हणणं मला थोडं मान्य करावं लागेल. शिट्टीने रांग सरळ राहते, पण खांदे ताठरतात. लय अंगात येते ती हलगीने. ज्या वर्षी हलगीवाले आले, त्या वर्षीच्या मुली वेगळ्याच खेळल्या. म्हणून शाळांनी हलगी आणावी. लेझीम बंद करण्याचं ते कारण नव्हे.

काळजी करायचीच असेल तर सिमेंटच्या पटांगणावर अनवाणी दोन-दोन तास चालणाऱ्या सरावाची करा. गुडघे आणि घोटे त्याने दुखावतात. बहिणीला मी हेच सांगितलं: नाव काढू नकोस, बूट घालून पाठव, आणि निघताना तिला भाकरी खायला घाल. सासूबाईंशी रविवारी मी स्वतः बोलायला येते.