अठरावा वाढदिवस आला की पोटात गोळा येतो

निराधार मुलांची संस्था चालवताना खरी अडचण देणग्यांची, असं एका लेखात वाचलं. पैसे लागतातच हो. पण सांगलीत हे काम करताना माझी झोप उडवली ती पोरांच्या १८ व्या वाढदिवसांनी, कारण त्यानंतर त्यांना संस्था सोडावी लागते. २०१५ च्या बालन्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. राज्याने २०१८ मध्ये अनाथांना १ टक्का आरक्षणही दिलं. त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूल संस्थेत असतानाच काढलं नाही तर पुढं नुसते हेलपाटे.

आमचा एक पोरगा मिरज स्टेशनवर आठ दिवस झोपला. खोली बघितलेली, डिपॉझिट आम्ही भरणार होतो. मालक म्हणाले, "घरातलं मोठं माणूस आणा." मी गेलो. "तुम्ही कोण याचे?" काय सांगणार? मामा म्हणून टाकलं. आता विश्रामबागेत सात-आठ घरमालक मला मामाच म्हणतात.

तेव्हा चेक जरूर द्या, पण कुणाची खोली रिकामी असेल तर ती आधी सांगा. दिवाळीला ब्लँकेटं मात्र नकोत, गेल्या वर्षीचीच कपाटात पडून आहेत.