शंभर डॉलरचा आमदार

अमेरिकेतल्या आमच्या न्यू हॅम्पशायर राज्यात आमदाराला दोन वर्षांच्या मुदतीचं मानधन २०० डॉलर. म्हणजे वर्षाला १००, वर जाण्यायेण्याचा प्रवासखर्च. हा आकडा १८८९ साली राज्यघटनेत घातला गेला आणि अजून तोच आहे. इथले लोक हे कौतुकाने सांगतात. मीही बरीच वर्षं सांगायचे. आता सांगवत नाही.

राज्य जेमतेम १४ लाख लोकवस्तीचं आणि कनिष्ठ सभागृहात ४०० आमदार! साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक. आपल्याकडे विधानसभेत २८८, तेही ११ कोटींहून जास्त लोकांसाठी. त्यामुळे इथे आमदार खरोखर शेजारी असतो. नॅशुआत आमच्या दारी ऑक्टोबरात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. सोबत कोणी नाही, हातात वही. मालमत्ता कराबद्दल मी बोलले ते दारातच उभ्या राहून लिहून घेतलं. (इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, विक्रीकर नाही, त्यामुळे शाळांचा मोठा भार घरपट्टीवरच पडतो.) असा आमदार मला हवाच आहे.

पण दर दोन वर्षांनी सगळ्या ४०० जागांची निवडणूक होते आणि सत्ता सारखी हलते. २००६ मध्ये डेमोक्रॅट आले, २०१० मध्ये रिपब्लिकन, २०१२ मध्ये पुन्हा डेमोक्रॅट, २०१४ मध्ये रिपब्लिकन, २०१८ मध्ये डेमोक्रॅट, २०२० मध्ये रिपब्लिकन. त्यातही २०२० मध्ये याच मतदारांनी अध्यक्षपदासाठी बायडन यांना कौल दिला होता. मला यात गोंधळ दिसत नाही. लोक पक्ष बघून डोळे मिटून शिक्का मारत नाहीत, एवढंच.

२०२२ मध्ये तर कमाल झाली. रॉचेस्टरच्या एका वॉर्डात फेरमोजणीनंतर दोघांनाही ९७०-९७० मतं! सभागृहात २०१ रिपब्लिकन, १९८ डेमोक्रॅट आणि ही एक जागा रिकामी. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा मतदान घेतलं, ती डेमोक्रॅट पक्षाला गेली. २०२४ मध्ये रिपब्लिकनांचं बहुमत वाढलं, पण ती दोन वर्षं विधेयक पास होणार की पडणार हे बऱ्याचदा त्या दिवशी कोण हजर आहे यावर ठरायचं.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. कामाच्या दिवशी राजधानी काँकर्डला हजर राहणं कोणाला परवडतं? पेन्शन असणाऱ्याला, घरचं बरं असणाऱ्याला, किंवा ज्याचा मालक सुट्टी देतो त्याला. माझी एक मैत्रीण नर्स आहे, दोन लहान मुलं. घरपट्टी, शाळा, दवाखाना, सगळ्यावर पोटतिडकीने बोलते. तिला मी उभी राहा म्हटलं. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेली आणि जानेवारी ते जून आपल्या शिफ्टवर एकेक करून बोट ठेवत गेली. बोलली काहीच नाही.

मानधन वाढवायचं तर घटनादुरुस्ती लागते: दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश आणि मग मतदारांपैकी दोन-तृतीयांश. अवघड आहे, तरी व्हायलाच हवं. ‘पैसा आला की धंदेवाईक पुढारी येतील’ हे मला पटत नाही. पोटापुरतं दिल्याने कोणी धंदेवाईक होत नाही.

उमेदवारी अर्जाची फी फक्त २ डॉलर आहे. जूनमध्ये अर्ज भरायचे दिवस आले की मी पुन्हा तिच्याकडे जाणार आहे. ते २ डॉलर मी देईन. पाळणाघराचं बिल कोण देणार, हे ती विचारेलच.