कोरसला ऐकू येतं का, ते आधी बघा

‘मोठ्या नाट्यगृहात माइक उत्तम असतात, हौशी भजनी मंडळांनी आवाजाची चिंता करू नये’ हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. आमचं मंडळ कुडाळजवळचं. देवळाच्या सभामंडपात भिंतींवरून आवाज परत येतो, त्यावर कोरस एकमेकांना धरून गातो. मुंबईतल्या नाट्यगृहात पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या तो आवाज शोषून घेतात. माइक लागतात बुवांना, पेटीला, पखवाजाला. मागे बसलेल्यांना मात्र शेजारच्याचाही सूर कळत नाही, मग लय पळते. म्हणून कोरससाठी मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर, आधीच मागून घ्यावा आणि अर्धवर्तुळात जवळ बसावं. प्रेक्षकांना छान ऐकू आलं म्हणजे झालं, असं नसतं हो!

आणि पखवाजाबद्दल लेखात एक ओळही नाही! कोकणातल्या दमट हवेत लावलेलं वाद्य एसीच्या कोरड्या हवेत सुरात वर चढतं, कारण कातडं ताणलं जातं. पेटीची पट्टी तर तीच राहते. तेव्हा तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलात की शक्य तितक्या लवकर पखवाज रंगमंचावर नेऊन ठेवा, हवेला रुळू द्या. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडाला, कणीक लावणं आणि शेवटचं सुरात लावणं पडदा उघडण्याच्या जरा आधीच.