अचलपूरच्या मिलचं कुलूप आधी काढा

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्रा टेक्स्टाइल पार्क होतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा आमच्या गावातही लोकांनी मोबाइलवर भाषण ऐकलं. हजार एकर जागा, आणि सुतापासून शिवलेल्या कपड्यापर्यंत सगळं एका ठिकाणी. कापूस पिकवणाऱ्या घरातली लेक आहे मी, मला हे हवंच आहे.

पण तिथून पन्नासेक किलोमीटरवर अचलपुरात एक आख्खी मिल उभी आहे. शेड आहे, यंत्रं आहेत, ती चालवणारी माणसं हाकेच्या अंतरावर राहतात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नंतर पूर्वीसारखी कधी फिरलीच नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातल्या 23 चालू मिल तेव्हा एकदमच थांबल्या, त्यातलीच ही आपली फिनले. टाळेबंदी उठली, शाळा उघडल्या, बाजार भरले, लग्नं लागली. मिल तेवढी राहून गेली.

अचलपूर बाहेरच्यांना माहीत असतं ते इमादशाहीची राजधानी म्हणून. एलिचपूर, वऱ्हाडच्या सुलतानांचं शहर. जुन्या गावात फिरलं तर दुल्हा दरवाजा अजून उभा आहे, मोहल्ल्यांची नावं अजून हिरापुरा, बिलनपुरा अशीच चालतात. शेजारी परतवाडा, इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेलं, मेळघाटच्या सागवानाच्या लाकूडबाजाराचं. आम्हा खेड्यातल्या लोकांना मात्र ही जोडगावं कळली ती कापसामुळे. शकुंतला रेल्वेची मूर्तिजापूर ते अचलपूर ही सुमारे 76 किलोमीटरची अरुंद लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली गेली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर, तिथून मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेला जावा, हा तिचा हेतू. म्हणजे आमचा कापूस बाहेर नेण्याची सोय आधी झाली. तो इथेच कातायची सोय अचलपूरच्या जुन्या विदर्भ मिलने केली, म्हणून त्या मिलची किंमत मला जास्त वाटते.

1974 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात देशातल्या 103 आजारी कापड गिरण्या सरकारने घेतल्या. त्यात अचलपूरची विदर्भ मिल होती, अकोल्याची सावतराम होती, हिंगणघाटची आरबीबीए होती. नकाशावर बोट ठेवत गेलं तर लक्षात येतं की या मिल कापसाच्या काळ्या जमिनीलाच चिकटून उभ्या राहिल्या होत्या. कोणी उपकार म्हणून विदर्भाला दिल्या नव्हत्या.

माझे मोठे मामा विदर्भ मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. मामा पाळीवर निघाले की मामीचं घर त्या वेळेवर चालायचं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मिलच्या आजूबाजूची सगळी वस्तीच अशी तीन पाळ्यांत जगायची. चहाच्या टपरीला दिवसातून तीनदा गर्दी. किराणा दुकानात प्रत्येकाची उधारीची वही, आणि ती पगाराच्या दिवशी चुकती व्हायची. सायकल दुरुस्तीवाला, शिंपी, खानावळ चालवणाऱ्या बाया, डबे पोचवणारी पोरं. यातलं कोणीच मिलच्या हजेरीपटावर नव्हतं, तरी पोट मिलवरच होतं. एकाच बाकावर बिलनपुऱ्याचा मुसलमान, आमच्या खेड्यातला कुणबी आणि बौद्धपुऱ्यातला जॉबर (खात्यातला मुकादम) डबा उघडून बसायचे. भाजीची अदलाबदल व्हायची. हे मी ऐकीव सांगत नाही, मामांना डबा द्यायला मी गेलेली आहे.

काम सोपं नव्हतं, आणि मला ते गोड करून सांगायचं नाही. वेचलेला कापूस आधी जिनिंगमध्ये जातो. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुई दाबून 170 किलोच्या गाठी बांधतात. मिलमध्ये गाठ फुटली की आधी ब्लो रूममध्ये रुई मोकळी करून झाडायची, मग कार्डिंगमध्ये तंतू विंचरायचे, मग त्याचा पेळू ओढून बारीक करत शेवटी रिंग फ्रेमवर पीळ देऊन सूत. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत घामाने अंग चिंब, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि तार तुटली की पळत जाऊन जोडायची. मामा घरातही मोठ्याने बोलायचे, ते रागावून नव्हे, कान गेले होते म्हणून. ब्लो रूम आणि कार्डिंगवाल्यांच्या छातीत रुईचे तंतू जायचे. रविवारची सुट्टी संपून सोमवारी कामावर गेलं की छाती जास्त आवळायची. या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारचा त्रास ही त्याची ओळखच आहे. वस्तीत त्याला दमाच म्हणायचे, आणि दमा म्हणून तो अंगावर काढला जायचा.

एवढं सोसूनही ही माणसं मिलला जीव लावून होती, कारण महिन्याच्या महिन्याला पगार येत होता. कोरडवाहू शेतीत असं काही नसतं. पाऊस ओढ देतो, बोंडअळी येते, भाव पडतो. मिलमध्ये एक भाऊ असला की गावाकडचे दोन भाऊ शेती तगवू शकायचे. बियाणं, खत, पोरीचं लग्न, बोअरचा खर्च, सगळ्यात त्या पगाराचा वाटा असायचा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर इतकं लिहिलं गेलं, पण गावाजवळचा असा बांधलेला पगार एकेक करून नाहीसा झाला, ही बाब त्यात फार कमी वेळा येते. मला ती मोठी वाटते.

2000 नंतरच्या वर्षांत महामंडळाने देशभर बऱ्याच मिल बंद केल्या आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. मुंबईतल्या मिलच्या जमिनी विकून त्या पैशातून काही मिल नव्याने उभ्या करायचं ठरलं. त्यातून मुंबईच्या फिनले मिलचं नाव अचलपूरला आलं. नवी शेड, नवी यंत्रं. मुंबईच्या गिरणगावात ज्या जमिनींवर टॉवर झाले, त्यांच्या पैशाचा एक तुकडा एकदा तरी कापसाच्या गावाकडे वळला. आमच्याकडच्या पोरांना आयटीआय करून गावाजवळ नोकरी मिळाली. माझ्या मामेभावाला मिळाली. घर बांधायला काढलं, कर्ज घेतलं. आणि 2020 ला मिल थांबली. अर्धा पगार, तोही वेळेवर नाही. भाऊ आता परतवाड्यात दुसऱ्याचा ऑटो चालवतो. परवा मला म्हणाला, "ताई, मशीन बंद ठेवली का तिचं लोखंड होते. माणसाचंबी तसंच होते."

सरकारी मिल तोट्यात होत्या, हे मला मान्य आहे. महागडा कापूस, जुनी देणी, निर्णयाला दिल्लीची वाट बघणं, सगळं खरं. मग सरकारने चालवू नये. भाड्याने द्या, पार्कमध्ये येणाऱ्या एखाद्या उद्योगाला अट घालून द्या, कामगारांची सहकारी संस्था करून द्या. सहकारी सूतगिरण्यांचा अनुभव महाराष्ट्रात काही ठिकाणी वाईट आहे, म्हणून त्यावर नीट लेखापरीक्षण बसवा. पण सहा महिन्यांत काय ते ठरवा. नुसतं कुलूप लावून ठेवण्यातही रोज पैसा जातो, आणि त्यातून सुताचा एक कोनही (रीळही) निघत नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. नागपूरला जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल होती. आज त्या जागी त्याच नावाचा मॉल आहे. अचलपुरात मॉल चालणार नाही हे जमीन घेणाऱ्यालाही कळतं, म्हणून इथे प्लॉट पडतील. लेआउट होईल, एखादं मंगल कार्यालय होईल, आणि गेटवर मिलचं नाव राहील. मग आमच्या बोंडाचं सूत दुसऱ्याच राज्यात निघेल आणि तिथलं कापड आमच्या आठवडी बाजारात येईल. जमिनीचा पैसा एकदा मिळतो, पगार दर महिन्याला मिळायचा.

म्हणून माझं मागणं एवढंच. मिलची जमीन उद्योगाशिवाय दुसऱ्या कशाला देणार नाही, हे शासनाने लेखी जाहीर करावं. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी आधी द्यावी. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये काम केलेल्या सगळ्यांची छातीची तपासणी उपजिल्हा रुग्णालयात मोफत करावी, त्यासाठी मिल चालू व्हायची वाट बघायची गरज नाही. आणि पार्कसाठी जी माणसं तयार करायची आहेत, त्यांचं प्रशिक्षण या बंद शेडमध्ये सुरू करावं. यंत्रं तिथे आहेत, शिकवायला रिंग फ्रेमवर आयुष्य काढलेली माणसं आहेत.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. सरपंचताईंशी बोलणं झालंय, त्यांनी विषयपत्रिकेत घ्यायचं कबूल केलं आहे. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर तालुक्यांतल्या ज्या कोणाला आपल्या गावात असा ठराव घ्यायचा असेल, त्यांनी मेसेज करा. मसुदा मराठीत लिहून तयार आहे, लगेच पाठवते.