मेजर लीग खेळला नाही म्हणून हेर्मान मेसा लहान होत नाही

आज दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे.

घरी मंडळी जेवायला होती, टीव्हीवर ब्लू जेजची, टोरांटोच्या बेसबॉल टीमची, मॅच चालू होती. शॉर्टस्टॉपने एक अवघड बॉल उचलून थ्रो केला, सगळे 'वा' म्हणाले. मी सहज म्हटलं, या जागेवर क्युबाच्या हेर्मान मेसाइतकं सुंदर कोणी खेळलं नसेल. ग्रुपमधल्या एकाने लगेच फोन काढला, शोधलं आणि अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचं नाव घेऊन जाहीर केलं, "मेजर लीगमध्ये एकही मॅच नाही! मग कसला भारी?" झालं. विषय संपला, सगळे पुन्हा बिर्याणीकडे वळले.

माझ्यासाठी नाही संपला.

मी जळगावला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले, कॉलेजच्या टीमपर्यंत, आणि माझी जागा शॉर्टस्टॉपचीच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. उजव्या हाताच्या बॅटरने ओढलेला बॉल बहुतेक वेळा तिथेच येतो, जमीन घासत, मध्येच एखाद्या खड्ड्यावर उसळी घेत. तो वाकून उचलायचा आणि पाय सावरायच्या आत फेकायचा. तिथे उभं राहिलेल्या माणसाला त्या जागेवर कोण किती मोठं हे कळायला फोन लागत नाही.

हवानाला गेलो होतो तेव्हा पार्के सेंत्रालमध्ये होसे मार्तीच्या पुतळ्याजवळ बेसबॉलवर कडाकडा भांडणाऱ्या माणसांचा घोळका बघितला. रोजच जमतो म्हणे तिथे. आमच्या गाइडने सांगितलं की या बाईही शॉर्टस्टॉप खेळायच्या. बस! हवानाच्या इंदुस्त्रियालेस टीमची निळी टोपी घातलेले एक आजोबा उठले, काठी बाकाला टेकवली आणि मला मेसाचा डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघांना बाद करणं, करून दाखवायला लागले. बॉल नव्हता, ग्लव्ह नव्हता. डावा तळहात सपाट उघडा धरला, मिटला नाही. बॉल तिथे टेकल्यासारखा केला आणि त्याच क्षणी उजव्या हातात. मान पहिल्या बेसकडे वळायच्या आधी थ्रो गेलेला. ग्लव्ह मिटायचा नाही, मिटलास की रनर पोचला, हे आमचे सर घसा बसेपर्यंत ओरडून सांगायचे. ते मला कधीच धड जमलं नाही. मेसा ते सगळ्या देशासमोर वर्षानुवर्षं करत होता. क्युबात त्याला लोहचुंबक म्हणायचे.

आता फोनमध्ये न दिसलेलं सांगते. 1967 चा जन्म, इंदुस्त्रियालेसचा शॉर्टस्टॉप. 1992 ला बार्सिलोनात बेसबॉल पहिल्यांदा अधिकृत पदकाचा खेळ झाला आणि सुवर्ण क्युबाने नेलं. तिसऱ्या बेसवर ओमार लिनारेस, दुसऱ्यावर आन्तोनियो पाचेको, मध्ये मेसा. आणि रे ऑर्डोन्येस ठाऊक आहे ना? मेजर लीगमधल्या न्यू यॉर्क मेट्सचा, ओळीने तीन गोल्ड ग्लव्ह, म्हणजे त्या जागेवरच्या सर्वोत्तम फील्डरचा पुरस्कार, 1997 ते 1999. शॉर्टस्टॉपवर सलग 101 मॅच एकही एरर, म्हणजे फील्डिंगची चूक, नाही. क्युबातून मेजर लीगला जायचं तर देश सोडून पळावंच लागायचं; हा माणूस 1993 मध्ये बफेलोच्या विद्यापीठ स्पर्धेतून पळाला. क्युबात असताना तो मेसाच्या मागे रांगेत होता. अमेरिकेने ज्याला तीन वेळा सर्वोत्तम ठरवलं, त्याला घरी पहिली जागा मिळत नव्हती! अजून कोणता पुरावा द्यायचा?

आकडे मेजर लीगचे नाहीत, मान्य. पिचिंगही, म्हणजे बोलिंग, तिथलं जास्त कडक, तेही मान्य. पुढे.

पद्माकर शिवलकर घ्या. प्रथम श्रेणीत 589 विकेट आणि कसोटी शून्य, कारण समोर बेदी. आपल्यापैकी एक तरी जण म्हणेल का की पॅडी लहान बोलर होता? आपल्या माणसाला आपण ही मोजपट्टी लावत नाही.

आणि खरा संताप मला त्या मित्राचा नाही, हे लिहिता लिहिताच कळतंय. तो आहे हवानाच्या सरकारचा. 1996 मध्ये अमेरिकेतल्या एजंटशी संधान असल्याच्या आरोपावरून तिघांवर आजन्म बंदी घातली. पिचर ओर्लांदो एर्नांदेस ऊर्फ एल दुके, कॅचर आल्बेर्तो एर्नांदेस आणि मेसा. ज्याने देशाला सुवर्ण आणून दिलं त्याला एकोणतिसाव्या वर्षी, हात-पाय-डोळे सगळं भरात असताना, मैदानाबाहेर हाकललं. हा निव्वळ दुष्टपणा होता. खेळाडूला खेळू न देणं यापेक्षा मोठी शिक्षा काय असते? 1997 च्या डिसेंबरात बाकीचे दोघे एकाच होडीतून निघाले. एल दुके मेजर लीगमधल्या न्यू यॉर्क यांकीजकडे गेला, 66 लाख डॉलरचा करार झाला, पहिल्याच वर्षी वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकला. छान झालं त्याचं. महिन्याला मूठभर पैशात राबणाऱ्याने जावंच, त्याला नावं ठेवणारी मी कोण.

मेसा राहिला. का राहिला ते त्याचं त्याला माहीत. राहिला म्हणून सरकार त्याला आपला म्हणणार, राहिला म्हणून इकडचे त्याला मोजणारच नाहीत. दोन्हीकडून त्याचा खेळ गायब.

मी त्या आजोबांना विचारलं होतं, तो गेला असता तर बरं झालं नसतं का? ते चिडलेच. म्हणाले, "तो गेला असता तर मी कोणाला बघितलं असतं?" स्वार्थी उत्तर आहे, हो. पण मला ते फार आवडलं. तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाचाही खेळाडूवर काही हक्क असतो की नाही?

1998 ला बंदी उठली आणि तो परत निळ्या जर्सीत आला. मधली दोन वर्षं कोणी परत दिली नाहीत. 2000 ला सिडनीत, तेहतिसाव्या वर्षी, पुन्हा ऑलिंपिक. फायनलला अमेरिकेच्या बेन शीट्सने क्युबाला एकही रन करू दिला नाही, 4-0. रौप्य. पुढे इंदुस्त्रियालेसचा मॅनेजर होऊन 2010 मध्ये त्याने टीमला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ज्या व्यवस्थेने हाकललं तिथेच, त्याच टीमच्या पोरांना शिकवत.

त्याचे जुने व्हिडिओ नेटवर आहेत, चित्र धुरकट आहे पण हात दिसतात. कमेंटमध्ये 'पण मेजर लीग' लिहायचं असेल त्यांनी आधी ते बघावेत. आज जेवायला आलेल्या मित्रानेही. मग बोलू, पुढच्या रविवारी मी परत बोलावतेच आहे सगळ्यांना.