‘युद्ध पुरुषांचे, बाई सुरक्षित’ या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. पहिला, इतिहासातील राण्या नावापुरत्या होत्या, लढले ते पुरुषच. दुसरा, युद्धात पुरुष मरतो, बाई घरात सुरक्षित राहते आणि वर पेन्शनही तिलाच मिळते. तिसरा, सैन्यातील स्त्रिया छायाचित्रापुरत्या असतात. चौथा, तह आणि वाटाघाटी बाईला जमत नाहीत, म्हणूनच तेथे ती कधी दिसत नाही. आमच्या नात्यातील गटावर हा संदेश एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी टाकला आणि तो वाचून माझ्या दाजींनी भाचीचे पहाटे मैदानावर धावायला जाणे बंद केले. ती सैन्य पोलिसांतील महिला भरतीची तयारी करते आहे. यातील खोटे काय ते लिहून द्या म्हणजे बाबांना दाखवता येईल, असे तिने मला सांगितले, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांनी विचार न करता तो पुढे पाठवला त्यांनीही हे वाचावे.

दुसरा दावा सर्वांत निर्दय आहे, म्हणून आधी तो घेते. रणांगणावर मरणाऱ्यांत पुरुषांची संख्या फार मोठी असते, हे मला मान्य करावे लागते. आपल्या भागातील कितीतरी घरांनी हे दुःख सोसले आहे आणि त्याविषयी वाद घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यावरून ‘बाई सुरक्षित’ हा निष्कर्ष काढणाऱ्याने युद्ध म्हणजे केवळ सीमेवरची चकमक असे गृहीत धरले आहे. युद्ध गावात शिरते तेव्हा काय होते, याचे न्यायालयात सिद्ध झालेले उदाहरण देते. १९९४ मध्ये आफ्रिकेतील रुवांडा या देशात तुत्सी या अल्पसंख्य समाजाचा वंशसंहार झाला. ताबा नावाच्या विभागाचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे टांझानियातील आरुषा येथे खटला चालला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखसुद्धा नव्हता. हत्यांविषयी साक्ष देताना एका स्त्रीने आपल्या लहान मुलीवर झालेला अत्याचार सांगितला, त्यानंतर आणखी एका स्त्रीच्या साक्षीतही असेच अत्याचार पुढे आले, आणि तीन न्यायाधीशांमधील एकमेव स्त्री नवनीतम पिल्ले यांनी त्याविषयी प्रश्न विचारले. जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले. २ सप्टेंबर १९९८ रोजी दिलेल्या निकालात न्यायाधिकरणाने म्हटले की एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूने केलेला बलात्कार हे वंशसंहाराचेच कृत्य ठरते. अकायेसूला जन्मठेप झाली.

या निकालातील एक गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने नीट वाचावी. ताबातील अनेक स्त्रिया घर सोडून तेथील सरकारी कार्यालयाच्या आवारात आश्रयाला आल्या होत्या, कारण अधिकारी आपले रक्षण करील असा त्यांचा समज होता, आणि त्यांच्यावर अत्याचार त्याच आवारात किंवा त्याच्या आसपास झाले. त्यांना घर सुरक्षित राहिले नव्हते आणि सरकारी कार्यालयही सुरक्षित नव्हते. त्या बोलल्या नसत्या आणि त्यांना विचारणारे कोणी नसते, तर तो गुन्हा नोंदला गेला नसता आणि उद्या कोणीतरी हाच संदेश रुवांडाविषयी लिहिला असता. आपल्याकडे फाळणीच्या वेळी पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी १९४९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, इतकी त्यांची संख्या मोठी होती. सुरक्षित असणाऱ्यांसाठी असे कायदे होत नाहीत.

आता पेन्शन. ही ओळ वाचून मला सर्वाधिक संताप आला, कारण वीरपत्नीला मिळणाऱ्या पैशाकडे मिळकत म्हणून पाहणारी माणसे आपल्याच गल्लीत राहतात. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता पदकविजेत्याच्या पश्चात त्याच्या विधवेला मिळतो. पण तिने पुनर्विवाह केला तर तो बंद होत असे. याला अपवाद एकच होता. तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर भत्ता चालू राही. म्हणजे तिने आयुष्य पुन्हा कोणाबरोबर उभे करायचे, हे सरकारी नियम ठरवीत होता आणि दीर सोडून दुसरा कोणी निवडला तर तिला पैशावर पाणी सोडावे लागत होते. संरक्षण मंत्रालयाने ही अट काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. ज्या बाईला ‘पेन्शन मिळाली’ म्हणून हिणवले जाते, तिच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येत होते ते या एका नियमावरून कळावे.

पहिल्या दाव्याला बेळगाव जिल्ह्यात राहून उत्तर द्यावे लागते याचेच मला वाईट वाटते. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या लढाईत कंपनीचा अधिकारी थॅकरे मारला गेला आणि एलियट व स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी राणी चन्नम्मांच्या कैदेत आले. पुढे बोलणी चालू असताना राणींनी दोघांना जिवंत सोडले. तरीही डिसेंबरात मोठी फौज आणून कंपनीने कित्तूर घेतले. राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले आणि तेथेच १८२९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. युद्ध आणि बोलणी ही दोन्ही कामे एकाच बाईने केली आणि दगा दुसऱ्या बाजूने झाला. आमच्या गटावर कोणीतरी ‘ती कानडी लोकांची राणी’ असेही लिहिले. सीमाप्रश्नावरील आपले म्हणणे कितीही रास्त असो, म्हणून चन्नम्मांना परके ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. त्याच न्यायाने बेलवडीच्या मल्लम्माही आपल्या आहेत. शिवाजी महाराजांच्या दक्षिण मोहिमेवरून परतणाऱ्या फौजेशी त्यांनी आपल्या गढीतून जवळजवळ महिनाभर झुंज दिली आणि मराठी बखरीत त्यांचे नाव सावित्रीबाई असे येते. शत्रुपक्षाच्या बखरकारालाही ज्या बाईची नोंद घ्यावी लागली, तिला नावापुरती म्हणणे हा अडाणीपणा आहे. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर १७०० पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, स्वराज्याचा कारभार आणि लढा ताराराणींनी चालवला. तलवार सरदारांनी चालवली हे खरे आहे, पण राजांच्या लढायाही सरदारांनीच लढल्या आणि त्यासाठी राजांना कोणी नावापुरते म्हणत नाही.

याच गटावर एका भगिनीने उलट बाजूने लिहिले की बायकांच्या हाती राज्य असते तर युद्धेच झाली नसती. तिचा हेतू चांगला आहे, पण ते विधानही टिकत नाही. ओइंद्रिला दुबे आणि एस. पी. हरीश या संशोधकांनी १४८० ते १९१३ या काळातील युरोपीय राजवटी तपासल्या तेव्हा राण्यांच्या कारकिर्दीत युद्धे अधिक आढळली. अविवाहित राणीवर शेजारी राज्ये अधिक चालून जात, बहुधा ती दुबळी आहे असे समजून, हे त्यांच्या निष्कर्षांपैकी एक आहे. कित्तूरची कथा माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही. स्त्री जन्मतः शांत असते म्हणून तिला तहाच्या बैठकीत जागा द्यावी, असे माझे म्हणणे नाही. युद्धाचा भार तिच्यावर पडतो म्हणून तेथे तिची जागा आहे.

तिसऱ्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही. सैन्य पोलिसांतील ८३ महिला सैनिकांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरच्या केंद्रातून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली; भाची त्याच दलात जाऊ पाहते. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी महिला अधिकाऱ्यांच्या कायम नियुक्तीचा निकाल दिला, तेव्हा ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानण्यास तयार नाहीत हा सरकारचा युक्तिवाद फेटाळला. त्या निकालात ज्यांच्या कामगिरीचा उल्लेख आहे त्या लष्करी अधिकारी सोफिया कुरेशी ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना साऱ्या देशाने पाहिल्या, आणि गोकाक तालुक्यातील कोण्णूर हे त्यांचे सासर आहे. त्या घरावर हल्ला झाल्याची खोटी बातमीही अशाच संदेशांतून पसरली होती आणि बेळगाव पोलिसांना तिचे खंडन करावे लागले होते. तेवढ्यावरून तरी आलेला संदेश तपासून पाहण्याची सवय आपल्याला लागायला हवी होती.

राहिला चौथा दावा. वाटाघाटींत स्त्रिया कमी दिसतात, हे निरीक्षण बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयीच्या संस्थेने १९९२ ते २०११ या काळातील ३१ मोठ्या शांतता प्रक्रिया तपासल्या, तेव्हा वाटाघाटी करणाऱ्या पथकांत स्त्रिया ९ टक्के आणि करारावर सही करणाऱ्यांत ४ टक्के आढळल्या. पण याचे कारण न जमणे हे नव्हे. वाटाघाटीला बोलावले जाते ते बंदूक हाती असलेल्यांना, आणि बंदूक नसताना गाव जगवणाऱ्यांना दाराबाहेर ठेवले जाते. २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या यादवीवर घानाची राजधानी आक्रा येथे बोलणी सुरू होती. लढणाऱ्या टोळ्यांचे प्रमुख आठवडेच्या आठवडे हॉटेलात राहत होते आणि तिकडे लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियात, माणसे मरत होती. लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रियांनी मिळून सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून ठाण मांडले आणि करार होईपर्यंत एकालाही बाहेर पडू देणार नाही असे बजावले. सुरक्षारक्षक बोवींना अटक करायला आले, तेव्हा त्यांनी स्वतःची वस्त्रे उतरवण्याची धमकी दिली, आणि आईने असे करणे हा तिकडे घोर शाप समजला जात असल्याने रक्षक मागे हटले. ऑगस्टमध्ये करार झाला. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या आणि २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक ज्या तिघींना मिळाले त्यांत बोवी आणि सरलीफ या दोघी होत्या.

ही शांतता राखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये जी पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी पाठवली ती भारताची होती. २०१६ पर्यंत एकामागून एक अशा भारतीय तुकड्यांनी मनरोव्हियात गस्त घातली आणि त्यांना पाहून लायबेरियातील मुली पोलीस दलात येऊ लागल्या, असे स्वतः राष्ट्राध्यक्ष सरलीफ यांनी सांगितले.