आधी मनगट बघा

लाडक्या ताऱ्याचा नवा फोटो आला की चेहऱ्याकडे बघत बसू नका. चेहरा पाठच आहे. फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करा आणि थेट मनगटावर जा. धागा आहे का? मणी? तिथे काही नसेल तर गळा. साखळीला काय लोंबतंय ते नेमकं बटणाआड गेलं असेल, तर जुने फोटो उकरून काढा. कधीतरी ते बटण उघडं राहिलेलं असतंच. काहीतरी हाती लागेपर्यंत हटायचं नाही. आपला आपल्या देवावर विश्वास आहेच हो, पण हा एवढा मोठा माणूससुद्धा त्यालाच मानतो म्हटल्यावर जरा धीर येतो. देवाच्या बाजूनेही कुणीतरी वजनदार शब्द टाकायला नको का?

सापडलेली खूण आपल्या धर्माची निघाली तर लिहा, 'एवढा मोठा झाला, पण मुळं विसरला नाही.' दुसऱ्या धर्माची निघाली तर लिहा, 'श्रद्धा ही खासगी बाब आहे, आपण फक्त कला बघावी.' दोन्ही वाक्यं तयार ठेवा. घाईत अदलाबदल तेवढी होऊ देऊ नका.

ही रीत काही आजची नाही. मार्च 1966 मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचा गायक जॉन लेनन लंडनच्या एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत बोलून गेला की बीटल्स आता येशूपेक्षा लोकप्रिय आहेत. ब्रिटनमध्ये लोकांनी वाचलं आणि पान उलटलं. तेच वाक्य काही महिन्यांनी अमेरिकेतल्या एका मासिकाने छापलं आणि तिथल्या दक्षिणेत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. टेक्सासमधल्या लाँगव्ह्यूच्या रेडिओ केंद्राने 13 ऑगस्टला अशीच एक होळी थाटामाटात केली. दुसऱ्या दिवशी त्याच केंद्राच्या टॉवरवर वीज कोसळली. तुम्ही यातून भलता अर्थ काढाल म्हणून आधीच सांगून ठेवतो: वीज दुसऱ्याच्या टॉवरवर पडली तर तो देवाचा कोप, आपल्या टॉवरवर पडली तर खराब हवामान.

मग तारा देवभोळा असला की चाहते खूश? अजिबात नाही. 1979 मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन ख्रिस्ताच्या भजनी लागला. सॅन फ्रान्सिस्कोला त्याने सगळी जुनी गाणी बाजूला सारून नुसती भक्तिगीतं म्हटली, तर तिकीट काढून आलेल्यांनी त्याची हुर्यो उडवली. तेरा वर्षांपूर्वी एकाने देवाला कमी लेखलं म्हणून राग आला होता, इथे दुसऱ्याने देवाला सोबत आणलं म्हणून. चाहत्याला देव हवा असतो, पण बेताचा. पाठीशी उभा राहणारा. माइकसमोर येणारा नव्हे.

डिलनच्याच गौरवासाठी 16 ऑक्टोबर 1992 ला न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम झाला. त्यात आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर गायला उभी राहिली आणि सभागृहातून आरडाओरडा सुरू झाला. कारण तेरा दिवसांपूर्वी तिने टीव्हीवर पोपचा फोटो फाडला होता, चर्चमधल्या बालशोषणाचा निषेध म्हणून. पुढे त्या शोषणाचे चौकशी अहवाल एकामागून एक आले. 2023 मध्ये ती गेली आणि मग एकेकाला आठवायला लागलं की आपण पहिल्यापासून तिच्याच बाजूने होतो. तुम्हीही हेच करा. धाडसी माणसाचं कौतुक राखून ठेवा. तो गेल्यावर करण्यात धोका कमी.

आता नीतीचं. इथे बरेच चाहते उगाच गोंधळतात. 22 जून 1986, मेक्सिको सिटी, फुटबॉलचा विश्वचषक, समोर इंग्लंड. अर्जेंटिनाचा दिएगो मॅराडोना उडी मारतो, डावी मूठ वर जाते आणि चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात. त्यानंतरचा क्षण पुन्हा एकदा सावकाश बघा. तो हात उंचावून धावत सुटतो आणि धावता धावता मान वळवून पंचांचा अंदाज घेतो. ज्याचं डोकं चेंडूला लागलेलं असतं, त्याला असं बघावं लागत नाही. पण पंचांना काही दिसलं नव्हतं. नंतर विचारल्यावर त्याने सांगितलं, थोडं माझं डोकं, थोडा देवाचा हात. तुम्ही-आम्ही असं केलं तर त्याला लबाडी म्हणतात. त्याने चारच मिनिटांनी निम्मं मैदान कापत दुसरा गोल असा केला की पहिल्याची फेड झाली. पाप दिसलं की आधी पुढचा गोल बघायचा, हे सूत्र तिथलं.

1998 मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओत त्याच्या नावाने चर्चच निघालं. तिथे सन त्याच्या जन्मापासून, म्हणजे 1960 पासून मोजतात. दहा आज्ञाही आहेत. मुलाचं नाव दिएगो ठेवावं ही त्यातलीच. आणि पहिली आज्ञा काय, तर चेंडूला डाग लागू नये! ती लिहिताना कुणाचा हात अडखळला नसेल का, हा माझा प्रश्न झाला. भक्ताला असले प्रश्न पडत नाहीत.

तुमचा तारा अगदीच कात्रीत सापडला, तर बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा दाखला द्या. त्याने कृष्णनामाचं गाणं केलं, ते जगभर गाजलं आणि 1976 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला की त्याची चाल आधीच्या एका गाण्यावरून उचललेली आहे, पण नकळत. 'नकळत' हा शब्द टिपून ठेवा. व्यसन, मारहाण, करचुकवेगिरी, कशालाही लावता येतो. मात्र फक्त आपल्या ताऱ्यासाठी. समोरच्याचा तारा जे करतो ते सगळं समजूनउमजून.

राहता राहिला तुमचा तो फोटो. मनगटावरचा लाल धागा हेरून तुम्ही चार ओळी लिहिल्यात, छान लिहिल्यात. आता कुणीतरी त्याच दिवशीचा दुसरा फोटो टाकलाय आणि त्यात स्पष्ट दिसतंय की तो धागा नाही, पार्टीच्या दारावर बांधतात ती कागदी पट्टी आहे. घाबरून पोस्ट काढू नका. खाली बाराशे जणांनी हात जोडलेत.